खोली ब मधला उन्हाळा

मेंढीच्या मानेवरची लोकर कातरून तिथली शीर अंगठ्याने दाबून धरली, की ती करंगळीएवढी फुगते.

•

पंखा पाचवर. खिडकी सताड उघडी. खाली रस्त्यावर लोक स्वेटर घालून चाललेले.

•

सिलिकॉनची नळी घ्यायची. एक टोक गोंदाने बंद करायचं, पांढरी पूड काचेच्या काडीने ठासायची, दुसरं टोक बंद करायचं आणि एक दिवस पाण्यात भिजत ठेवायची. भिजवली नाही तर पहिल्याच दिवशी औषध भसकन बाहेर येतं. ठासताना हातमोजे दोन जोड घालायचे आणि तोंडाला फडकं बांधायचं, कारण ही पूड मेंढीला लागू पडते तशीच बाईलाही लागू पडते.

•

प्रश्न ७. प्राणी शांत आहेत का? होय / नाही.
प्रश्न ८. प्राण्यांच्या चेहऱ्यावर ताण दिसतो का? होय / नाही.

•

सहाच्या सहा आलेख सपाट. पाट्यावर पीठ पसरावं तसे.

•

वयोमानानुसार एकाग्रतेत आलेली घट.

•

हे शेवटचे चार शब्द एका पत्रात होते, पत्र एका पाकिटात होतं आणि सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ते पाकीट सुईवालीच्या हातात होतं. संशोधन केंद्राच्या मेंढ्यांच्या विभागात ती चोवीस वर्षं रक्त काढत आली होती. पगारपत्रकावर ती ‘तंत्रज्ञ’ होती, समोर सगळे ताई म्हणत आणि मागे सुईवाली. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. निदान कामावरून पडलेलं नाव होतं.

पत्र विभागप्रमुखांचं होतं. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. पत्रात लिहिलं होतं, की खोली ब मधल्या सहा मेंढ्यांना लहान कॅप्सूलऐवजी मोठ्या कॅप्सूल दिल्या गेल्या, त्यामुळे प्रयोग निष्फळ ठरला. या चुकीचं कारण वयोमानानुसार एकाग्रतेत आलेली घट हे दिसतं. सबब तंत्रज्ञांनी खाली मान्यतेची सही करावी. शुक्रवारपर्यंत. तळाशी: नक्कल कार्यालयाकडे. शुक्रवारी अहवाल जायचा होता आणि त्यासोबत हे पत्रही. मग ते कायमचं तिच्या फाइलीत बसणार होतं.

तिने पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चूक शोधायला, कारण सवय. दुसऱ्यांदा खात्री करायला, की हे खरंच तिच्याबद्दल आहे.

•

आता प्रयोग काय होता ते सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वी सरांनीच तिला तो फळ्यावर खडूने समजावला होता. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि समजावण्याची हौस होती.

मेंढीच्या मेंदूच्या तळाशी एक जागा असते, ती थोड्या थोड्या वेळाने एक निरोप सोडते. त्या निरोपावर खालची ग्रंथी आपला निरोप रक्तात सोडते. रक्तात तो ठोक्यासारखा दिसतो, वर चढतो, खाली उतरतो. तो अंडाशयाला पोचला की अंडाशय कामाला लागतं, इस्ट्रोजेन तयार करतं, आणि ते इस्ट्रोजेन उलट फिरून मेंदूला सांगायला जातं: पोचला निरोप, आता जरा दमानं घे.

गंमत पुढेच आहे. हे ‘दमानं घे’ मेंढीचा मेंदू ऋतू बघून ऐकतो. दिवस मोठे असले की इस्ट्रोजेनने नुसतं खाकरलं तरी मेंदू गप्प बसतो. दिवस लहान झाले की तेवढंच इस्ट्रोजेन घसा फोडून ओरडलं तरी मेंदू ढिम्म, निरोपामागून निरोप सोडत राहतो. मग मेंढी माजावर येते, गाभण राहते, आणि कोकरं बरोबर हिरव्या गवताच्या दिवसांत जमिनीवर पडतात.

हे मोजायचं तर मेंढीचं स्वतःचं इस्ट्रोजेन मधे लुडबुडता कामा नये. म्हणून बारा मेंढ्यांची अंडाशयं काढून टाकली होती आणि प्रत्येकीच्या काखेत, कातडीखाली, इस्ट्रोजेनची पूड भरलेली, एकाच मापाची एकेक सेंटिमीटरची कॅप्सूल बसवली होती. सहा मेंढ्या खोली अ मध्ये, जिथे दिवा पहाटे चारला लागायचा आणि संध्याकाळी आठला विझायचा. त्यांना कायम उन्हाळा. सहा खोली ब मध्ये, जिथे दिवा पहाटे चारलाच लागायचा पण दुपारी बाराला विझायचा. त्यांचा दिवस आठ तासांचा. बाहेर ऊन भाजत असलं तरी ब मध्ये बारानंतर रात्र. आत जायचंच असेल तर लाल दिवा. तो मेंढीला दिवस वाटत नाही.

मग रक्त. दर दहा मिनिटांनी, सहा तास. एका मेंढीच्या सदतीस नळ्या, सहा मेंढ्यांच्या दोनशे बावीस. एवढा वेळ सुईवाली पाणी पीत नसे, कारण पाणी प्यायलं की मधेच जावं लागतं आणि मेंदूचे निरोप कोणासाठी थांबत नाहीत.

पहिल्या खेपेला सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं आलं. अ गप्प, ब मध्ये प्रत्येकीचे सात-आठ ठोके. त्यानंतर कॅप्सूल बदलल्या, कारण पूड संपत आलेली असते. दीड महिन्याने दुसरं रक्त काढलं. आणि ब सुद्धा गप्प. सहाच्या सहा.

बाहेरच्या उघड्या गोठ्यात दुसऱ्या प्रयोगाच्या मेंढ्या होत्या, त्यांना तीन सेंटिमीटरच्या मोठ्या कॅप्सूल होत्या. मोठी कॅप्सूल बसवली तर लहान दिवसांतही मेंढी गप्प पडू शकते. त्यामुळे सरांना उत्तर शोधायला खुर्चीतून उठावं लागलं नाही.

•

“बसा ताई,” सर म्हणाले.

ती बसली नाही. “मोठ्या कॅप्सूल मी हिरव्या डब्यात ठेवते, लहान पांढऱ्या. बसवणाऱ्या डॉक्टरांच्या हातात देताना पट्टी लावून मोजून देते. वहीत आहे.”

“वहीत असणारच हो. चोवीस वर्षं बरोबर केलंत म्हणून तर मी हे इतक्या सौम्य भाषेत लिहिलं.” सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते घरगुती बोलणार, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. “होतं असं या वयात. आमच्याकडे पण तेच चाललंय. परवा हिने घराच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. इस्ट्रोजेन उतरलं की माणूस जरा... तुम्हाला मी काय सांगणार, नळ्या तुम्हीच भरता.”

“मी किल्ल्या तांदळात ठेवल्या नाहीत.”

“उदाहरण दिलं.”

“उदाहरण तुमच्या घरचं आहे सर. पत्रात मी आहे.”

सर हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “गेल्या महिन्यात मी स्वतः बघितलं ताई. शीतखोलीत फ्रीजरचं दार उघडून तुम्ही नुसत्या उभ्या होतात. मिनिटभर. मी हाक मारली, तुम्हाला ऐकू आली नाही.”

ऐकू आली होती. आतून वाफ उठून ती मानेपर्यंत चढली होती आणि उणे वीसच्या गार हवेत तोंड घालून उभं राहणं हा तिला सापडलेला एकमेव उपाय होता. हाकेला ओ द्यायला तोंड बाहेर काढावं लागलं असतं.

एक निरीक्षण. एक बाई. निष्कर्ष तयार, वर सही. एखाद्या विद्यार्थ्याने एका मेंढीवरून असा निष्कर्ष काढला असता तर याच माणसाने त्याचा प्रबंध टेबलावरून खाली ढकलला असता आणि विचारलं असतं, बाकीच्या अकरा कुठे आहेत?

•

घरी तिघं: ती, नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण, वन्सं. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. वन्सं शाळेत शिवण शिकवायच्या, वयाने सुईवालीपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, पण भावाची बायको म्हणून तिला वहिनीच म्हणत.

“सही करून टाक,” नवरा जेवताना म्हणाला. “नोकरीवरून काढत नाहीत ना? मग झालं तर. आमच्याकडे पंपात गाळ अडकला तरी माझंच नाव येतं.”

“गाळ तुम्ही टाकलेला असतो का?”

“नसतो टाकलेला.”

“मग सही करता का?”

“करतो की. जेवायला घरी यायचं असतं.” त्याने वाटी पुढे केली. “आणि खरं सांगू का, तू हल्ली जरा विसरतेस. परवा गॅसवर दूध...”

“दूध तुम्ही ठेवलं होतं, दादा,” वन्सं म्हणाल्या. “मी ओट्यापाशी उभी होते.”

त्याने वाटी मागे घेतली.

भांडी घासताना वन्संनी हळूच विचारलं, “पत्रात काय लिहिलंय नक्की?”

सुईवालीने ते चार शब्द सांगितले. वन्संनी कढई खाली ठेवली.

“पाळी जाऊन माझं दुकान बंद झालं त्याला पाच वर्षं झाली वहिनी. त्या वर्षी मी चाळीस मुलींना काज करायला शिकवलं. एकीचंही काज तिरकं गेलं नाही. माझ्या एकाग्रतेचं काय झालं म्हणे?”

“तुम्हाला विचारलं नाही कोणी.”

“तेच तर. विचारत नाहीत. लिहून मोकळे होतात.”

•

सुईवालीने सोमवारी लिहिलेली आणि फाडलेली उत्तरं:

माननीय सर, आपल्या पत्रातील मजकूर वाचून खेद...

माननीय सर, खेद नाही, राग आला आहे...

माननीय सर, आपल्या वयोमानानुसार आपण...

माननीय सर, मेंढीचं अंडाशय काढलं तरी ती चारा ओळखते...

सर, नाही.

•

मंगळवारी सकाळी सहाला ती ब मध्ये गेली, एकेका मेंढीला भिंतीशी धरलं आणि काखेत बोटं घातली. कॅप्सूल कातडीखाली लागते, शिवणीत राहून गेलेल्या काडीसारखी. एकोणीस नंबरने नेहमीसारखी लाथ मारली. सहाही कॅप्सूल तिच्या अंगठ्याच्या पहिल्या पेरापेक्षा आखूड होत्या. मोठी असती तर पेर ओलांडून पुढे गेली असती.

ती तडक सरांकडे गेली. “लहानच आहेत. सहाही. मी चाचपून आले.”

“बोटांनी?”

“बोटांनी.”

“ताई, बोटांनी विज्ञान होत नाही.”

“मग डॉक्टरांना सांगा, एक काढून पट्टी लावा. दोन टाक्यांचं काम आहे.”

“त्याला प्राणी कल्याण समितीची परवानगी लागते. बैठक पुढच्या महिन्यात.” सर खरोखर हळहळल्यासारखे म्हणाले, “तुमच्या समाधानासाठी मुक्या जनावराला कापायचं का?”

या माणसाच्या सहीने बारा मुक्या जनावरांची अंडाशयं निघाली होती. सुईवाली काही बोलली नाही. बोलली असती तर आवाज चढला असता, आणि आवाज चढला असता तर तेही वयोमानात जमा झालं असतं. तिला उमगलं, की आता रागावण्याचीही सोय उरलेली नाही. संताप आला तर हार्मोन, रडू आलं तर हार्मोन, गप्प बसली तर सुधारणा.

पण कॅप्सूल लहान होत्या. म्हणजे ब मधल्या मेंढ्यांना कोणीतरी दुसऱ्या कशाने गप्प केलं होतं. आणि लहान कॅप्सूलवर मेंढी एकाच गोष्टीने गप्प बसते.

•

बुधवार. गव्हाणी.

रोज सकाळी सहाला आदल्या दिवशीचा उरलेला चारा तोलून वहीत लिहायचा, हे तिचंच काम. तिने वही उघडली आणि रोजच्यासारखी आजचं पान न काढता मागची साठ पानं काढली. लहान दिवसांत मेंढी खाण्यात आखडते; ब मध्ये रोज तीन-चार किलो उरायचं. साठ दिवसांपूर्वी चार किलो. पंचेचाळीस दिवसांपूर्वी तीन. तीस दिवसांपूर्वी सव्वा. गेले दोन आठवडे शून्य, शून्य, शून्य, गव्हाण चाटूनपुसून लख्ख. अ मधल्या उन्हाळी मेंढ्या खातात तसं.

अक्षर तिचंच. रोजचा आकडा तिने रोज लिहिला होता आणि साठ दिवसांत एकदाही वर नजर टाकली नव्हती. त्याचाही तिला राग आला, स्वतःचा, पण तो राग वेगळ्या जातीचा होता; त्यावर काम करता येत होतं.

ब मध्ये कोणीतरी उन्हाळा आणला होता. घड्याळयंत्र तिने तपासलं: चार ते बारा, बरोबर. दाराच्या फटीला काळी पट्टी, बरोबर. ती सहाला यायची आणि दोनला जायची. म्हणजे जे काही होत होतं ते दोननंतर.

त्या दिवशी दोन वाजता ती घरी गेली नाही. वन्संना फोन केला, “उशीर होईल.” मग ब मध्ये अंधारात बादली उपडी घालून बसली. मेंढ्या रवंथ करत होत्या. तीन तास, चार तास. एकदा आतून वाफ आली तेव्हा तिने पाठ गार भिंतीला लावली. कोणी निष्कर्ष काढला नाही.

•

बरोबर आठ वाजता दार उघडलं, खटका वाजला आणि छतावरच्या चारही पांढऱ्या नळ्या भक्कन पेटल्या.

दारात संध्याकाळच्या पाळीचे रखवालदार होते. इतके वक्तशीर की सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. हातात पाटी, पाटीवर फॉर्म. त्यांनी बोट दाखवत मोजलं आणि थबकले.

“ताई होय. मी म्हटलं सात कशा झाल्या.”

“काका, हा दिवा का लावलात?”

“पाहणी.” त्यांनी पाटी पुढे केली. “साडेसातला अ, आठला ब. अर्धा तास प्रत्येकी. सतरा प्रश्न आहेत. आठवा फार वेळ खातो, चेहऱ्यावरचा ताण. एकेकीच्या समोर बसून बघावं लागतं. ही एकोणीस नंबर मला रोज ताणातच दिसते.”

“ती जन्मापासून तशीच आहे.”

“असं का? मग मी रोज ‘होय’ लिहितोय तिच्यासाठी.” ते ओशाळले. “वरून काही उत्तर येत नाही म्हणा.”

“लाल दिवा आहे ना खोलीत?”

“आधी लालच लावला. पण लाल दिव्यात ताण दिसत नाही. आणि आदेशात साफ लिहिलंय, वाचा.”

तिने वाचलं. प्राण्यांच्या आरामाची पाहणी रोज संध्याकाळी, चेहरा स्पष्ट दिसेल अशा पांढऱ्या प्रकाशात, किमान अर्धा तास करावी. खाली सही, अध्यक्ष, प्राणी कल्याण समिती. सही ओळखायला तिला चष्मा लागला नाही. सोमवारच्या पत्राखाली तीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच वर वळवलेली.

पहाटे चारला दिवस उगवलेला. संध्याकाळी आठला पुन्हा अर्धा तास उजेड. मधला अंधार मेंढी धरतच नाही. उगवतीला उजेड आणि सोळा तासांनी उजेड, म्हणजे तिच्या लेखी सोळा तासांचा दिवस. हेही सरांनीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. योग्य घटकेला टाकलेला अर्धा तास उजेड मेंढीला उन्हाळ्यात नेतो.

“हे कधीपासून, काका?”

“आज अठ्ठावन्नावा फॉर्म. एक दिवस चुकवला नाही. मुलाचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा येऊन गेलो.” मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. “का? काही बिघडलं का माझ्याकडून?”

“तुम्ही सांगितलं तसं केलंत.”

“म्हणजे बिघडलं.”

“बिघडलं. पण तुमच्याकडून नाही.”

काकांनी हात वर केला आणि खटका बंद केला. त्या दिवशीचे सतराही प्रश्न काकांनी बाहेर व्हरांड्यात उभं राहून भरले. आदेशाची एक प्रत त्यांनी तिला दिली, मूळ कागद मात्र दिला नाही. “मोजलेले असतात ताई,” म्हणाले.

•

शुक्रवारी सर प्रयोगाच्या वह्यांवर सह्या करत. टेबलावर ढीग असे, ते पानं उलटत आणि सही करत जात. सुईवालीने ब ची वही ढिगाच्या वर ठेवली, त्यावर आदेशाची प्रत आणि त्यावर सरांचं सोमवारचं पत्र. सहीची जागा कोरी.

सरांनी आदेशाची प्रत वाचली. मग वहीतले गव्हाणीचे साठ आकडे, ज्यांच्या कडेला तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. ते हुशार होते, यात कधी शंका नव्हती. त्यांना समजायला सुईवालीला लागला त्याच्या अर्धाही वेळ लागला नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने ते पाहिलं आणि त्यावरून काही निष्कर्ष काढला नाही.

“म्हणजे,” सर म्हणाले, “रखवालदाराने दिवा लावला.”

तिला वाटलं होतं आता राग उतरेल. उलट तो तळापासून वर आला.

“म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं सापडलं.”

“मी तसं...”

“आदेश कोणाचा आहे सर?”

“समितीचा.”

“समितीला हात नसतात. सही कोणाची आहे?”

सरांनी प्रत उलटी केली, जणू मागच्या बाजूला दुसरं काही सापडेल. “हे बघा, हेतू चांगला होता. जनावरांच्या सुखासाठी होता. आपण अहवालात ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहू. कोणाचंच नाव नको. हे पत्र मी फाडून टाकतो, विषय संपला.” त्यांनी पत्र उचललं.

“फाडू नका.”

“तुमच्याच भल्यासाठी म्हणतो.”

“त्याची नक्कल सोमवारीच कार्यालयात गेली आहे. तुम्ही हे फाडलंत की तिथे ती एकटीच उरेल.” तिने पेन पुढे केलं. “यावर ‘रद्द’ लिहा.”

सरांनी बराच वेळ पेनाकडे पाहिलं. मग लिहिलं.

“कारण,” ती म्हणाली.

“रद्द करायला कारण लागतं?”

“लिहायला लागलं होतं.”

त्यांनी लिहिलं: कॅप्सूल योग्य मापाच्या होत्या, खोली ब मध्ये समितीच्या आदेशाने रोज संध्याकाळी पांढरा प्रकाश दिला गेला. ‘समितीच्या’ शब्दापाशी पेन अडखळलं. तिने काही न बोलता प्रतीवरच्या सहीवर बोट ठेवलं. ‘समितीच्या’ पुढे ‘अध्यक्षांच्या’ आलं.

“आणि ते चार शब्द.”

“आता रद्दच केलंय ना सगळं?”

“रद्द केलेला कागदही वाचता येतो.”

प्रयोगशाळेत खाडाखोड कशी करायची याचा नियम होता आणि तो भिंतीवर लावलेला होता: चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. तो नियम लावताना सरांनी नवीन आलेल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, की चूक लपवणं ही चुकीपेक्षा मोठी चूक आहे. आता त्यांनी चार शब्दांवरून एक आडवी रेघ ओढली. बाजूला आद्याक्षरं. तारीख.

“एवढं ताणायची गरज होती का ताई?” ते कागद सरकवत म्हणाले. “तोंडी सांगितलं असतंत तर...”

“तोंडी सांगितलं होतं. मंगळवारी. बोटांनी विज्ञान होत नाही म्हणालात.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा टेबलावर होता, पण घरगुती बोलणं आलं नाही. त्यांनी माफी मागितली नाही. ती मागतील असं तिला वाटलं नव्हतं, तरी तिने दारापाशी एक क्षण वाट पाहिली, आणि वाट पाहिली म्हणून पुन्हा चिडली.

कागद तिने स्वतः कार्यालयात नेला, स्वतःची फाइल मागून घेतली, नकलेवर तो टाचला आणि पोच घेतली. कारकुनाने आडवी रेघ ओढलेले चार शब्द वाचले, तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा काहीतरी विनोद करणार होता. केला नाही.

मग ती ब मध्ये गेली. पांढऱ्या दिव्याच्या खटक्यावर तिने चिकटपट्टी लावली, आडवी आणि उभी. वहीच्या शेरा रकान्यात लिहिलं: आजपासून दिवस पुन्हा आठ तासांचा. मेंढ्यांना उन्हाळ्यातून परत यायला दोन महिने लागतील. पुढचं रक्त त्यानंतर, मी काढीन.

•

संध्याकाळच्या पाहणीचा ठराव ज्या बैठकीत मंजूर झाला, ती अकरा मिनिटं चालली होती.